रमाबाईंची रसद

फौजेतून निवृत्त झाल्यावर मी पीण्यातल्या एका लहान कारखान्याचं व्यवस्थापन पाहतो. कामगारांशी बोलता यावं म्हणून कन्नड शिकायचं ठरवलं. दोनदा वही उघडली, दोनदा मिटली. दोष वयाला दिला.

तेव्हा पंडिता रमाबाई आठवल्या. जन्म 1858 चा, याच कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानात. 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा. पुढे केडगावच्या मुक्तिसदनात त्यांनी ठरवलं, खेड्यातल्या बाईलाही कळेल अशा सोप्या मराठीत बायबल आणायचं. त्यासाठी प्रौढ वयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. छापखाना आश्रमातच, खिळे जुळवायला, छापायला तिथल्याच बायका-मुली तयार केल्या. फौजेत यालाच आम्ही रसद म्हणतो.

1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. नुसती योजना इथे कोलमडली असती. श्रद्धेच्या बळावर त्या पुन्हा मेजापाशी बसल्या. भाषांतर पुरं करून 5 एप्रिल 1922 रोजी त्यांनी डोळे मिटले. पूर्ण ग्रंथ छापून निघाला तो त्यांच्या पश्चात.

माझी वही पुन्हा उघडली आहे. पहिल्या पाळीआधी रोज पाच शब्द. काल एका कामगारानं माझं वाक्य दुरुस्त केलं. हसला, पण बोलला कन्नडमध्येच.

जय हिंद!