भिंगातला उजेड आणि कुंडातला उजेड

फोटोतला नको असलेला उजेड काढून टाकणे हे स्टुडिओतले तसे दुर्लक्षित काम. ‘तेवढा हिरवा ठिपका उडवा’ असे गिऱ्हाईक म्हणते, दोन मिनिटांत ठिपका जातो आणि पैसे अल्बमचे मिळतात, ठिपक्याचे नाही. पण बीडसारख्या कडक उन्हाच्या जिल्ह्यात, जिथे रात्रीच्या वरातीतही एलईडीचे झोत थेट भिंगावर येतात, तिथे या कामाशी रोजची गाठ आहे. त्याच्या पोटात बरेच प्रकाशशास्त्र दडलेले आहे आणि थोडा सचोटीचा प्रश्नही. वाचकांनी या विषयाकडे जरा सवडीने पाहावे, एवढ्यासाठी ही प्रस्तावना.

कॅमेऱ्याचे भिंग ही एक काच नसते, काचांची रांग असते. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश मागे फिरतो, पुढच्या काचेवर आपटतो आणि भलत्याच जागी चित्रावर उतरतो. जुनी, काळपटलेली भिंगे नव्या भिंगांपेक्षा जास्त प्रकाश आत सोडतात, हे इंग्लंडमधल्या डेनिस टेलर यांच्या १८९०च्या दशकात ध्यानात आले. पुढे १९३५ मध्ये झाइस कंपनीच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी परावर्तन रोखणाऱ्या लेपाचे पेटंट घेतले. आजच्या बहुपदरी लेपांमुळे हे परावर्तन एक टक्क्याच्याही बरेच खाली आले आहे. पण समोर साक्षात सूर्य असला, की तेवढेही पुरते.

हे नीट समजून घ्यायचे तर बीडच्या कंकालेश्वर मंदिरासारखी जागा नाही. मंदिर कुंडाच्या मधोमध आहे. पाणी भरलेले असताना, ऊन तिरपे असताना तुम्ही काठावरून फोटो घेतलात, तर चित्राच्या खालच्या अर्ध्या भागात उजेडाचे दोन ठिपके दिसू शकतात. एक कुंडाने दिलेला, एक भिंगाने. कोणता पुसायचा? कॅमेरा सरळ धरला असेल, तर पाण्यातले सूर्यबिंब सूर्याच्या बरोबर खाली येते. भिंगातला ठिपका मात्र सूर्यापासून चित्राच्या मध्यबिंदूतून ओढलेल्या रेषेवर, बहुधा पलीकडच्या बाजूला, तिरका सापडतो. सूर्य उजव्या कोपऱ्यात असेल, तर ठिपका डावीकडे खाली शोधा. कॅमेरा किंचित फिरवा. पाण्यातले बिंब सूर्याच्या खालीच राहील, ठिपका चित्रात आडवा पळेल. नवशिक्याने माउस हातात घेण्याआधी ही रेषा मनात ओढायची सवय लावावी.

साधने आता कोणालाही मिळतात. फोटोशॉपमध्ये क्लोन स्टॅम्प आधीपासून होताच, २००२ मध्ये हीलिंग ब्रश आला. गिंपमध्ये अशीच साधने फुकट आहेत. मूळ फोटोला हात न लावता वेगळ्या लेअरवर काम करावे, हे सांगायलाही नको, तरी सांगतो. ठिपका नवरीच्या शालूवर पडला असेल, तर लगेच क्लोन मारू नका. खालचा जर बहुतेक वेळा शाबूत असतो, फक्त रंग बिघडलेला असतो. लेअर ‘कलर’ मोडवर ठेवून शेजारचाच रंग हलक्या हाताने भरला, की वीण तशीच राहते. आणि सगळ्या फोटोवरच पांढुरका पडदा आला असेल, तर तिथे ब्रशचे काम नाही. काळा रंग आणि कॉन्ट्रास्ट सावरावा लागतो.

सचोटीचा प्रश्न येतो तो कोरीव दगडापाशी. अल्बममध्ये मांडवाच्या कापडाचा तुकडा भरून काढला, तर कोणाचे काही बिघडत नाही. मंदिराच्या खांबावरचे शिल्प ठिपक्याखाली गडप झाले आणि तुम्ही शेजारचे कोरीवकाम तिथे चिकटवलेत, तर उद्याचा अभ्यासक कधी नसलेले शिल्प मोजेल. दस्तऐवज म्हणून काढलेल्या फोटोत ठिपका राहिला तरी चालेल, असे माझे मत आहे. नव्या यंत्रबुद्धीबाबत ही काळजी अधिकच घ्यावी लागते. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या ‘फ्लेअर७के’ संचात अशा उजेडाच्या ७,००० कृत्रिम प्रतिमा आहेत. त्यांवर शिकलेली यंत्रे ठिपका सफाईने काढतात, पण झाकलेल्या जागी काय होते हे त्यांनाही अंदाजानेच भरावे लागते.

अंदाज टाळायचा एक जुना मार्ग आहे. कॅमेरा तिपाईवर पक्का बसवा. एक फोटो नेहमीसारखा घ्या. दुसऱ्या वेळी हात लांब करून सूर्यापुरतीच बोटे आड धरा, म्हणजे भिंगावरचे ऊन तुटेल. दोन्ही फोटो एकावर एक लेअरमध्ये ठेवा आणि ठिपक्याची जागा दुसऱ्या फोटोतून घ्या. तिथे येणारा दगड खरा असेल. फक्त दोन्ही वेळा एक्स्पोजर हाताने तेवढेच ठेवायला विसरू नका.