पंचेचाळिशीनंतरचा गिअर

परवा एकदाची नवी सायकल घेतली. रोड बाइक. खाली वळलेलं हँडल, बोटाएवढे टायर. कॅरिअर नाही, स्टँड नाही, मडगार्ड नाही, साधी घंटीसुद्धा नाही. "एवढे पैसे मोजून वस्तू कमीच मिळाल्या की!" असं सोसायटीतले एक काका म्हणाले. म्हटलं तर खरंच आहे. जास्तीचं मिळालं ते एकच, गिअर. पुढे दोन चकत्या, मागे अकरा, म्हणजे कागदावर बावीस.

रविवारी पहाटे अंधेरीच्या हायवेवरच्या फ्लायओव्हरला लागलो. ब्रेकच्या मुठीतलीच कळ आत दाबली, मागे 'टक्' झालं आणि पाय एकदम हलके. वेग उतरला, पण दम लागला नाही. पुन्हा टक्, पुन्हा हलके. डोक्यावरून मेट्रोचा पूल गेला तेव्हा कळलं की चढ संपत आला.

घरी येऊन दाते मोजले (नातेवाइकांना आश्चर्य वाटणार नाही!). सर्वांत हलक्या गिअरमध्ये पुढे ३४, मागे ३२. पायडलच्या एका फेरीत सायकल सव्वादोन मीटर सरकते. सर्वांत जड गिअरमध्ये ५० आणि ११, म्हणजे जवळजवळ साडेनऊ मीटर. मग बाबांची जुनी काळी सायकल माळ्यावरून उतरवली. पुढे ४४, मागे १८. एका फेरीला साडेपाच मीटर, चढ असो की उतार, वारा असो की पाऊस.

गिअरमुळे कष्ट वाचतात असं आपण म्हणतो, पण ते तितकंसं खरं नाही. पूल जेवढा उंच आहे तेवढं वर जावंच लागतं. गिअर फक्त त्या कष्टाचे हप्ते पाडून देतो. रक्कम तीच, एकदम भरायची की थोडी थोडी, एवढं आपल्या हातात येतं.

ही सोय माणसाला तशी उशिराच मिळाली. पूर्वीच्या उंच चाकाच्या सायकलला पायडल थेट पुढच्या चाकालाच. पायाची एक फेरी म्हणजे चाकाची एक फेरी. वेग हवा तर चाक मोठं करा, आणि किती मोठं ते तुमच्या पायांच्या लांबीने ठरायचं. १८८५ साली इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्लीने 'रोव्हर' सायकल आणली. तिच्यात चेन मागच्या चाकाला जोडलेली होती, आणि हिशेब चाकाकडून दात्यांकडे आला. दाते बदलता आले तर? फ्रान्समध्ये पॉल द व्हिव्ही नावाचा गृहस्थ गिअरचा कैवार घेऊन लिहू लागला. त्याला विरोध केला तो आंरी देग्रांज यांनी, म्हणजे १९०३ साली टूर द फ्रान्स सुरू करणाऱ्यांनीच. १९०२ मध्ये त्यांनी लिहिलं त्याचा मतलब असा, की गिअर हे पंचेचाळिशी ओलांडलेल्यांसाठी ठीक, बाकीच्यांनी स्नायूंच्या बळावर जिंकावं.

मी अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे. म्हणजे देग्रांजसाहेबांची परवानगी आहे!

बोलल्याप्रमाणे त्यांच्या शर्यतीत चेन सरकवणारे गिअर १९३७ पर्यंत बंद होते. आल्प्सच्या पायथ्याशी सायकलपटू खाली उतरायचे, मागचं चाक काढून उलटं बसवायचे, दुसऱ्या बाजूच्या मोठ्या चकतीवर चेन चढवायचे आणि घाट चढायचे. आज माझ्या बोटाखाली जे 'टक्' होतं, तो नेमका टप्पा धरणारा गिअर शिमानोने १९८४ मध्ये आणला, आणि ती कळ ब्रेकच्या मुठीत यायला १९९० उजाडलं.

हे झालं शर्यतीचं. मला राहून राहून वाटतं ते कामावर जाणाऱ्या सायकलचं. नॉटिंगहॅममध्ये १९०२ सालापासूनच मागच्या चाकाच्या तुंब्यात बसणारा तीन गिअरचा 'स्टर्मी-आर्चर' तयार होता. सगळं आत बंद, चिखलपाण्याची भीती कमी. तिकडच्या साध्या सायकलींनाही तो बसवला जायचा. आपल्याकडे त्याच घाटाची काळी सायकल आली. वरळीत हिंद सायकल्स, आसनसोलला सेन-रॅले, १९५१ पासून सोनीपतची अ‍ॅटलस, १९५६ पासून लुधियानाची हीरो, सगळ्यांनी ती लाखोंनी बनवली. गिअर मात्र रस्त्यावर दिसला नाही. किंमत हे कारण असणारच. शिवाय नाक्यावरचा सायकलवाला दोन पान्यांत जिला उघडू शकतो, तिचीच गरिबाला खात्री. पण दुधाचे कॅन, गॅसचे सिलिंडर, डबेवाल्यांचे डबे ओढणाऱ्यांना गिअरची गरज कुणापेक्षाही जास्त होती, आणि आपल्याकडे गिअर आले ते मुलांच्या वाढदिवसाला.

बाबा सत्तरच्या दशकात अंधेरी स्टेशनजवळच्या चाळीतून मरोळच्या कारखान्यात याच सायकलवर जायचे. कॅरिअरला डबा, पावसात घोंगतं. महाकालीच्या अंगाला कधी काम निघालं की चढावर उतरून सायकल हाताने ढकलायची. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. ते सायकलमुळेच, असं डॉक्टर म्हणाले नाहीत, मीही म्हणत नाही.

त्यांना विचारलं, चढावर उतरायला कमीपणा वाटायचा का?

"कमीपणा कसला? मुंबई-पुणे शर्यतीत होतोय होय मी, घाटाचा राजा व्हायला? उतरून चालायचं. तोच आमचा पहिला गिअर."

देग्रांजसाहेबांना हे उत्तर कुणी द्यायला हवं होतं. बळ दाखवायची हौस ज्याला शर्यत जिंकायची आहे त्याला. ज्याला आठ तास मशीनवर उभं राहून परत यायचंय, तो बळ पुरवून वापरतो.

अंधेरी स्टेशनबाहेर आजही एकाच चकतीच्या सायकली डबे टांगून निघताना दिसतात. त्यांच्या शेजारून जेवण पोचवणारी पोरं बॅटरीच्या गाडीवरून सटकतात. बहुतेक ओझं वाहणाऱ्यांच्या नशिबी गिअर येणारच नाही, बिनगिअरवरून थेट मोटर. बाबांच्या सायकलला मात्र मी तेलपाणी केलंय. मागच्या चाकाला तीन गिअरचा जुना तुंबा बसवता येईल का, ते नाक्यावरच्या सायकलवाल्याला विचारून ठेवलंय. कुणाच्या माळ्यावर पडला असेल तर जरूर कळवा.