‘जर्मन’ जलपर्णीची बंगालवर चढाई

बंगालच्या पोस्टिंगवर आलेल्या मराठी माणसाला पाण्यावर एक जुनी ओळख भेटते. पुण्याच्या मुळा-मुठेत आपण जिला जलपर्णी म्हणतो, ती इथली कचुरीपाना. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास तिला आणखी एक नाव मिळालं, ‘जर्मन पाना’. ब्रिटिशांचं राज्य पोखरायला जर्मनांनीच ती इथल्या पाण्यात सोडली, अशी वदंता होती.

फौजी माणसाला ही गोष्ट पटकन पटेल, पण ती खरी नाही. ही वनस्पती दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉन खोऱ्यातली. तिची जांभळट फुलं लोकांना आवडली, म्हणून बागेतल्या तळ्यांची शोभा वाढवायला ती जगभर नेली गेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालमध्ये पोहोचली. म्हणजे शत्रूने नव्हे, हौशी माणसांनीच तिला आत घेतलं.

पुढचं काम तिने स्वतः केलं. देठ फुगीर आणि हलके, त्यामुळे ती तरंगते. आईरोपाला धुमारा फुटतो, टोकाला नवं रोप धरतं, ते तुटून प्रवाहाबरोबर निघतं. उबदार, संथ पाण्यात पंधरवड्याला दुप्पट धरली, तर दहा रोपांची सहा महिन्यांत चाळीस हजार होतात. वर हिरवा गालिचा पसरला की खाली उजेड पोहोचत नाही. पाण्यातल्या वनस्पती मरतात, प्राणवायू घटतो, मासे गुदमरतात. उपटून काढली तरी चिखलातलं बी वर्षानुवर्षं जिवंत राहतं.

१९२० पर्यंत बंगालच्या नद्या, खाल आणि बिलं तुंबली होती. होड्या अडकत, पुराबरोबर तिचे तांडे भातशेतीत घुसत. १९२१ मध्ये सरकारने जगदीशचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९३६ मध्ये खास कायदा झाला: घराभोवती ही वनस्पती ठेवायला बंदी, आणि निर्मूलनात हातभार लावणं हे नागरिकाचं कर्तव्य. १९३७ च्या निवडणुकीत पक्षांच्या जाहीरनाम्यांत तिचा बंदोबस्त हे आश्वासन होतं. फजलुल हक यांच्या सरकारने मोठी मोहीम काढली आणि उपद्रव बराच घटला. पण ती संपली नाही. एका गावाने तळं साफ केलं आणि शेजारच्याने ठेवलं, तर पुढच्या पुरात हिशेब पुन्हा पहिल्यापासून.

१९८० च्या दशकात बेंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी तिचेच मूळ शत्रू, निओकेटिना जातीचे भुंगेरे, भारतात आणले. पुढे मणिपूरच्या लोकटाक सरोवरातही त्यांचा उपयोग झाला. पण हा उपाय सावकाशीचा आहे.

आपल्या मेसच्या अंगणात तळं असतं, क्वार्टरमध्ये काचेची टाकी असते, आणि दोन-तीन वर्षांनी बदलीचा हुकूम येतो. निघताना टाकीतली रोपं नाल्यात ओतू नका. उन्हात पूर्ण वाळवा, मग खतात घाला. नव्या तळ्यात जलपर्णी आणूच नका. कुंडीत लावलेलं कमळ किंवा कुमुद ठेवा, तळाशी व्हॅलिस्नेरिया लावा. त्यांची वाढ आवरता येते. निम्मं पाणी तरी मोकळं राहू द्या, म्हणजे खालपर्यंत ऊन पोहोचेल. नवं रोप आणलं, तर आठवडाभर वेगळ्या बादलीत ठेवून बघा. सोबत आलेल्या गोगलगायी आणि तण तिथेच दिसतात.

सरहद्दीवर नाकं असतं, तसं आपल्या तळ्यावरही असावं. त्याचा पहारा मात्र आपल्यालाच द्यायचा आहे.