कारवान की पश्मी?

कारवान घ्यावा की पश्मी, हा प्रश्न आमच्या मराठवाड्यातल्या कंधारच्या टापूत पूर्वी कुणी विचारत नव्हतं. कुणाच्या दाराशी कोणतं कुत्रं बसणार, हे त्या घराच्या धंद्यावरून ठरलेलं असायचं. आता पुण्या-हैदराबादला नोकरी करणारी आमची भाचरं फोनवर फोटो पाठवतात, "मामा, यातलं कोणतं घेऊ?" एकेकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकावं म्हटलं.

दोन्ही शिकारी कुत्री, दोन्ही उंच. खांदा सव्वादोन फुटांच्या आसपास जातो. निमुळतं तोंड, खोल छाती, पाठीला लागलेलं पोट. वासावर न जाता नजरेवर धावणारी. फरक केसांचा. कारवान गुळगुळीत, अंगावर हात फिरवला तर बरगड्या मोजता येतात. पश्मीच्या कानांवर, शेपटीवर, पायांच्या मागच्या बाजूला रेशमासारखे लांब केस. जाणकार दोघांनाही इराण-अफगाणिस्तानाकडच्या सालुकी आणि ताजी या कुळातलं मानतात.

मराठवाड्यात ती कुणाबरोबर आली याचं आमच्या जुन्या माणसांचं उत्तर एकच, फौजेबरोबर आणि तांड्याबरोबर. कंधारचा किल्ला पाहिला की हे पटतं. राष्ट्रकूटांनंतर बहामनी, अहमदनगरची निजामशाही, 1631 साली मोगल, मग हैदराबादचा निजाम. निजामाच्या चाकरीत अरब होते, रोहिले होते. बंजाऱ्यांचे बैलांचे तांडे धान्य आणि मीठ घेऊन याच मुलखातून जायचे. रात्री तांडा उतरला की गोण्यांची राखण कुत्र्यांवर. 1900 च्या सुमारास नांदेडला रेल्वे आली. बैलांच्या वाहतुकीला तेव्हा आधीच उतरती कळा लागली होती. तांडे मुखेड, कंधार, किनवटकडे स्थिरावले आणि त्यांची कुत्री गावात मिसळली.

कुत्र्याला मान देण्याची रीत मात्र इथं त्याहून पुष्कळ जुनी आहे. राष्ट्रकूट राजा तिसऱ्या कृष्णाच्या काळातल्या, म्हणजे दहाव्या शतकातल्या कंधारच्या शिलालेखात क्षेत्रपालाचा उल्लेख आहे, आणि क्षेत्रपालाच्या अवाढव्य मूर्तीचे तुकडे गावात सापडले आहेत. क्षेत्रपाल हे भैरवाचंच रूप, आणि भैरवाचं वाहन कुत्रं. माळेगावच्या खंडोबापुढेही तेच. लोहा तालुका वेगळा होण्याआधी माळेगाव कंधार तालुक्यातच होतं. मार्गशीर्षाच्या शेवटी तिथं यात्रा भरते. घोडे, गाढवं, उंट यांचा बाजार सगळ्यांना माहीत असतो; श्वानांचं प्रदर्शनही भरतं, ते बाहेरच्यांना ठाऊक नसतं. एकीकडे देवापुढे वाघ्या कुत्र्यासारखा भुंकतो, दुसरीकडे माणसं कुत्र्याचे दात तपासत उभी असतात. मला या दोन गोष्टी कधी वेगळ्या वाटल्या नाहीत.

माझे आजोबा एका गढीवर शिकारीच्या वेळी हाकाऱ्यांत असायचे. त्यांच्या सांगण्यात पश्मी म्हणजे बैठकीपुढचं कुत्रं. पाहुणे आले की मालक त्याला शेजारी बसवायचे, नोकर त्याचे केस विंचरायचा. माळावर सुटायचा तो कारवान. कारण अगदी साधं. मन्याडच्या खोऱ्यातून वर बालाघाटाच्या माळावर चढलं की कुसळ, गोखरू आणि बाभळीचे काटे. केसाळ कुत्रं सशामागे एकदा धावून आलं की त्याच्या पायांतली कुसळं काढण्यात संध्याकाळ जायची. पावसाळ्यात गोचिडांचा ताप वेगळाच. मेंढवाड्यावर तर दोन्हींचा उपयोग नव्हता. धनगराला लांडग्यावर भुंकणारं, मेंढरांना चिकटून राहणारं कुत्रं लागतं. नजरेला काही हललेलं दिसलं की त्यामागे सुटणारं कुत्रं मेंढरं सोडून भलतीकडेच जायचं.

17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान गेलं, पुढच्या वर्षी जहागिऱ्या गेल्या. गढ्यांवर नोकर राहिले नाहीत, तर पश्मीला विंचरणार कोण? ती आधी विरळ झाली. कारवान शेतकऱ्याच्या भाकरी-ताकावर तगून राहिला. मग 1972 उजाडलं. त्याच साली दुष्काळ, त्याच साली वन्यजीव संरक्षण कायदा. पुढे सशामागे कुत्रं सोडणंही गुन्ह्यात मोडू लागलं. कायदा योग्यच होता. आमच्या माळावर काळवीट उरलं ते त्याच्यामुळे. पण कुत्र्याचं काम गेलं ते गेलंच.

तरीही वंश टिकला. लातूर जिल्ह्यातल्या चाकूर तालुक्यात जानवळ नावाचं गाव आहे, कारवानसाठी नावाजलेलं. पण नाव मोठं झालं ते कर्नाटकातल्या मुधोळचं. तिथल्या घोरपडे राजांनी या कुत्र्यांना आश्रय दिला आणि इंग्रज बादशहापर्यंत ती पोचवली. 2005 साली टपाल खात्यानं देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यात हेच कुत्रं 'मुधोळ हाउंड' म्हणून आहे. आमचे लोक यावर चिडतात. मला चिडण्यासारखं काही दिसत नाही. राजानं पाळलं त्याचं तिकीट निघालं, शेतकऱ्यानं पाळलं त्याचं कुत्रं राहिलं.

आता भाचरांसाठी उत्तर. शेत असेल, मोकळं अंगण असेल, तर कारवान घ्या. ऊन सोसतो, खाणं थोडकं, केसांची कटकट नाही. मात्र तो लळा लावत फिरणारा नाही. एका माणसाचा होतो, परक्यानं हात लावलेला त्याला खपत नाही आणि शेजाऱ्याची कोंबडी त्याला ससाच वाटते. पश्मी घ्यायचीच असेल तर रोज विंचरायला अर्धा तास कुणाकडे आहे ते आधी घरात ठरवा. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांसाठी यातलं एकही घेऊ नका. रोज सुटून धावायला मिळालं नाही तर ही कुत्री घर फाडतात किंवा झुरतात. गल्लीतलं गावठी पिल्लू आणा, ते सुखात राहील.

आणि घ्यायचं ठरलंच तर माळेगावच्या यात्रेत कुत्री नुसती बघा. पिल्लू जानवळला जाऊन, त्याची आई डोळ्यांनी पाहून घ्या, आणि दोन महिन्यांच्या आत तिच्यापासून तोडू नका.