मध्यमवर्ग गाव बदलतो तेव्हा

मध्यमवर्ग मोजायला अर्थशास्त्रज्ञ होमी खरास यांनी एक पट्टी घेतली: माणशी, क्रयशक्तीच्या हिशेबाने, रोजचा १० ते १०० डॉलर खर्च. या पट्टीने २००९ मध्ये जगात सुमारे १८० कोटी मध्यमवर्गीय होते. त्यांतले निम्म्याहून अधिक युरोप व उत्तर अमेरिकेत, तर २८ टक्के आशियात. २०३० मध्ये आशियाचा वाटा ६६ टक्के होईल, असा त्यांचा अंदाज होता. हे कसे घडत आले, ते दोन शहरांवरून पाहू.

पहिले डेट्रॉइट. जानेवारी १९१४ मध्ये हेन्री फोर्ड यांनी आठ तासांच्या कामाला पाच डॉलर रोज जाहीर केला. आधी नऊ तासांना जेमतेम निम्मा मिळे. त्यात उदारपणापेक्षा व्यवहार अधिक होता; एकसुरी कामाला विटून कामगार टिकतच नसत. पण त्या पैशाला स्थैर्य यायला आणखी छत्तीस वर्षे लागली. संप झाले, संघटना उभी राहिली, आणि १९५० मध्ये जनरल मोटर्सशी झालेल्या करारात महागाईनुसार वेतनवाढ, निवृत्तिवेतन आणि आजारपणाचा विमा मिळाला. तेव्हा शहराची वस्ती १८ लाखांवर होती. पुढे कारखाने बाहेर गेले, ऐपतीची कुटुंबे उपनगरांत गेली. २०१० मध्ये वस्ती ७ लाखांवर आली. २०१३ मध्ये शहराने दिवाळखोरी जाहीर केली आणि निवृत्त कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतनालाही कात्री लागली.

दुसरे शेन्झेन. १९८० मध्ये ते विशेष आर्थिक क्षेत्र झाले आणि खेड्यांतून आलेल्या मजुरांनी तिथले कारखाने चालवले. २००९ मध्ये मोटारींच्या विक्रीत चीनने अमेरिकेला मागे टाकले. पण त्याच काळात कम्यून मोडल्या आणि त्यांच्याबरोबर खेड्यांतली सहकारी वैद्यकीय व्यवस्थाही कोसळली. ग्रामीण आरोग्यविम्याची नवी योजना सुरू झाली ती थेट २००३ मध्ये. मधल्या काळात बहुतेक खेडुतांना आजारपणाचा खर्च गाठीच्या पैशातूनच करावा लागला.

इतकी वर्षे दवाखान्यात बसल्यावर माझी पट्टी वेगळी झाली आहे. घर मध्यमवर्गीय आहे की नाही, हे पगारावरून कळत नाही. पहिल्या मोठ्या आजारानंतर कळते.

बडोदा-इंदूरकडे स्थिरावलेल्या कितीतरी मराठी घरांचे पूर्वज चाकरीमागे तिकडे गेले. डेट्रॉइटमध्ये चाकरीच माणसांना सोडून गेली. कारखाने आणि पैसा एका पिढीत समुद्र ओलांडतात. विमा आणि निवृत्तिवेतन त्यांच्याबरोबर येत नाहीत. ते प्रत्येक समाजाला नव्याने मिळवावे लागतात. आशियाच्या ६६ टक्क्यांची खरी परीक्षा तिथेच आहे.