चित्रपट व प्रसारण अध्ययन (नांदेड-लातूर)

चलच्चित्र, नभोवाणी व दूरचित्रवाणी यांच्या निर्मितीचे व मीमांसेचे उच्च शिक्षण. पुण्यास प्रभात स्टुडिओच्या आवारात १९६० मध्ये केंद्र सरकारने चित्रपटशिक्षणाची संस्था स्थापिली (पहा : फिल्म इन्स्टिट्यूट, पुणे); नांदेड-लातूरकडे, १९९४ मध्ये स्थापन झालेल्या व लातूर जिल्हा ज्याच्या अखत्यारीत येतो त्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या माध्यमशास्त्र संकुलात माध्यमशिक्षणाची सोय झाली. संहितालेखन, छायाचित्रण, ध्वनिमुद्रण व संकलन ही या विद्येची अंगे होत. पैकी संकलनात, दोन संवादांमधील शांतता किती राखावी, याचाही निर्णय विद्यार्थ्यास करावा लागतो (पहा : चित्रपट-संकलन). मराठवाडी बोलीचे व लोककलांचे चित्रमुद्रण स्थानिक विद्यार्थ्यांच्या हातून होणे अगत्याचे आहे.