गाडी बाहेर, कारखाना आत : आपल्या गॅरेजांचा पंचवीस वर्षांचा हिशेब

संपादक मंडळाने मला या स्मरणिकेसाठी 'सोसायटीचा इतिहास' लिहायला सांगितला, तेव्हा मी इतिवृत्ताच्या जुन्या वह्या माळ्यावरून खाली काढल्या. बँकेत छत्तीस वर्षं गेल्यामुळे वही समोर आली की आधी पानं मोजायची आणि मग बेरीज करायची, ही सवय अजून सुटलेली नाही. बेरीज केल्यावर लक्षात आलं की पंचवीस वर्षांत आपण पाण्यावरून जेवढं भांडलो, त्याहून जास्त गाड्या लावण्यावरून भांडलो. पदाधिकाऱ्यांची यादी आणि भूमिपूजनाचे फोटो स्मरणिकेत येतीलच. मी इतिहास लिहितो आहे तो एकाच प्रश्नाचा. ज्याच्या गॅरेजमध्ये कारखाना आहे, त्याने आपली गाडी लावायची कुठे?

प्रश्न आपल्यापुरता वाटतो, पण तो जुना आहे आणि जगभरचा आहे. आधी शब्दच पाहा. 'गॅरेज' हा मूळचा फ्रेंच शब्द. गाडी आडोशाला सुरक्षित ठेवणं, असा त्याचा अर्थ. आपण मराठीत मात्र "गाडी गॅरेजला टाकलीय" म्हणतो, तेव्हा ती मेकॅनिककडे उघडून पडलेली असते. म्हणजे गाडी ठेवायची जागा आणि पाने-हातोडे चालवायची जागा, या दोन्हींना आपल्याकडे शब्द एकच. भांडणाचं मूळ इथूनच सुरू होतं म्हणा ना!

गंमत अशी की गाडीच्या इतिहासातही कारखाना आधी आणि गॅरेज नंतर आलं. अमेरिकेत डेट्रॉइट शहरात हेन्री फोर्ड एका वीज कंपनीत इंजिनिअर होते. भाड्याच्या घरामागे कोळसा ठेवायची विटांची शेड होती, तिच्यात रात्री बसून त्यांनी आपली पहिली गाडी बनवली. ४ जून १८९६ च्या पहाटे गाडी तयार झाली आणि बाहेर काढायला गेले, तर दारातून मावेना! शेवटी कुऱ्हाड घेऊन विटांची भिंत फोडली आणि गाडी रस्त्यावर आणली. घर भाड्याचं होतं हे लक्षात घ्या. आपल्याकडे असतं तर दुसऱ्या दिवशी नोटीसच आली असती.

दुसरं उदाहरण माझ्या विशेष आवडीचं. कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो गावी ॲडिसन ॲव्हेन्यूवर ३६७ नंबरचं घर आहे. १९३८ मध्ये डेव्हिड पॅकार्ड आणि त्यांच्या पत्नी ल्युसिल यांनी त्या घराचा तळमजला महिना ४५ डॉलर भाड्याने घेतला. मित्र बिल ह्युलेट मागच्या छोट्या खोलीत राहायचे. गॅरेज जेमतेम एका गाडीचं. त्यात त्यांनी जुनं ड्रिल मशीन आणि टेबलं मांडली. भांडवल ५३८ डॉलर. एवढ्याशा रकमेचं कर्जप्रकरण माझ्यासमोर आलं असतं, तर मी तारण काय विचारलं असतं कोण जाणे! यंत्राच्या पॅनेलना लावलेला रंग ल्युसिलबाईंच्या स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये भाजून पक्का केला जायचा. म्हणजे कारखाना गॅरेजमधून थेट घरात शिरला होता. तिथे बनलेली आठ ध्वनियंत्रं वॉल्ट डिस्नेच्या कंपनीने 'फँटेशिया' या चित्रपटाच्या कामासाठी विकत घेतली. १ जानेवारी १९३९ रोजी ह्युलेट-पॅकार्ड ही भागीदारी अधिकृतपणे सुरू झाली. १९८९ मध्ये ते गॅरेज राज्याचं ऐतिहासिक स्थळ म्हणून जाहीर झालं आणि २००० मध्ये कंपनीने ते घरच विकत घेतलं. आपली सोसायटी नोंदली गेली तेही वर्ष २०००.

आता, गॅरेजमध्ये यंत्रं आली म्हणजे गाडी बाहेर गेली. पण अशा अमेरिकन घरांना रस्त्यापासून गॅरेजपर्यंत स्वतःच्या मालकीची फरसबंद वाट असते. गाडी तिथे उभी राहते आणि शेजाऱ्याचं काही अडत नाही. आपल्या पुण्यातही प्रभात रोड, डेक्कनच्या जुन्या बंगल्यांना मागे गॅरेज असायचं. कोणाच्या गॅरेजमध्ये शिकवणी, कोणाच्यात दवाखाना, कोणाच्यात छपाईचं मशीन. गाडी फाटकाच्या आत झाडाखाली. बंगला एकाचा, अंगण त्याचंच, त्यामुळे तक्रार करणार कोण? प्रश्न उभा राहिला तो बंगले पाडून सोसायट्या झाल्या तेव्हा. गॅरेज एकाचं राहिलं आणि अंगण चोवीस जणांचं झालं.

आपल्या मंजूर नकाशात चोवीस फ्लॅट, तीन बंद गॅरेजेस आणि इमारतीखाली नऊ गाड्यांचं स्टिल्ट पार्किंग, एवढाच हिशेब होता. १९९९ मध्ये ताबा मिळाला तेव्हा तो पुरेसा वाटला. माझ्या पिढीने बजाज स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहिलेली. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, तरी मध्यमवर्गीयाला ती स्वप्नातलीच होती. ताबा घेतला त्या दिवशी आवारात चारचाकी फक्त पाच होत्या आणि मुलं स्टिल्टमध्ये क्रिकेट खेळत होती. पुढच्या दहा वर्षांत वाहनकर्जं स्वस्त आणि सोपी झाली. त्यातली कित्येक माझ्याच सहीने मंजूर झाली, तेव्हा पापाचा थोडा वाटा माझाही.

तीन गॅरेजेसपैकी दोन नंबरचं गॅरेज ज्यांचं, ते आपले सभासद तुम्ही सगळे ओळखता. "नाव छापू नका" असं त्यांनी बजावल्यामुळे लिहीत नाही. २००१ मध्ये त्यांच्या कंपनीने स्वेच्छानिवृत्ती दिली तेव्हा ते पन्नाशीही पार केलेले नव्हते आणि मुलाचं इंजिनिअरिंग व्हायचं होतं. टूलरूममध्ये हात तयार झालेला. त्यांनी एक जुना लेथ, ड्रिल मशीन आणि ग्राइंडर घेऊन गॅरेजमध्ये मांडलं. पंपाचे शाफ्ट, बुश, अशी बारीकसारीक कामं बाहेरून यायची. आपल्या फाटकाची बिजागरी, मीटर बॉक्सची झाकणं, गच्चीच्या दाराची कडी, हे सगळं तिथेच झालं आणि त्याचं बिल त्यांनी कधी दिलं नाही. खजिनदार या नात्याने मी तेव्हाची खतावणी पुन्हा पाहिली. खरंच एक पैसाही खर्ची पडलेला नाही.

त्यांची स्कूटर गॅरेजच्या दाराशी उभी असायची, तिचं कोणाला काही वाटलं नाही. २००७ मध्ये मुलाने नोकरीला लागल्यावर गाडी घेतली. गॅरेजमध्ये लेथ, म्हणून गाडी पाण्याच्या टाकीपाशी लागू लागली. वहीत कुरकुर सुरू होते ती इथून.

२००९ च्या जुलैमधली एक रात्र मी विसरू शकत नाही. पहाटे अडीच वाजता आमच्या सौ.च्या छातीत दुखू लागलं. ॲम्ब्युलन्स आली, पण टाकीपाशी तीन गाड्या उभ्या असल्यामुळे मागच्या विंगकडे वळेना. शेवटी सौ.ला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, पावसात, फाटकापर्यंत उचलून न्यावं लागलं. खुर्चीचे चार पाय चौघांनी धरले होते : वॉचमन, मी, ते गॅरेजवाले आणि त्यांचा मुलगा. देवाच्या कृपेने वेळेवर पोहोचलो. आज हा लेख ती चष्मा लावून तपासते आहे.

मी तेव्हा सचिव होतो. आठ दिवसांनी मी दोन नंबर गॅरेजच्या नावाने नोटीस काढली : गॅरेजचा वापर फक्त वाहन ठेवण्यासाठी करावा, अन्यथा उपविधींनुसार कारवाई होईल. नियमाने नोटीस चूक नव्हती. वाहनतळाची जागा साधारणपणे चटईक्षेत्रात धरत नाहीत, ती गाडीसाठीच म्हणून. संध्याकाळी ते नोटीस हातात घेऊन घरी आले. चहा घेतला, सौ.ची चौकशी केली आणि शांतपणे म्हणाले, "साहेब, नोटीस बरोबर आहे. पण त्या रात्री टाकीपाशी तिसरी गाडी कोणाची होती?"

एक त्यांच्या मुलाची, एक कोणाच्या पाहुण्यांची, आणि तिसरी माझी होती. माझ्या स्टिल्टच्या जागेत जुनं लाकडी कपाट, मुलीची सायकल आणि घराच्या रंगकामातून उरलेले डबे होते. म्हणजे गाडीची जागा मीही अडवली होती, आणि तीही कारखान्याने नव्हे, भंगाराने. दुसऱ्या दिवशी सकाळी वॉचमनला बरोबर घेऊन सगळं स्टिल्ट पाहिलं. नऊपैकी चार जागांत गाडी नव्हतीच.

पुढच्या सभेत मी हे उभं राहून सांगितलं. टाळ्या वगैरे पडल्या नाहीत, उलट चौघे माझ्यावर नाराज झाले. त्यांचं म्हणणं, "बिल्डरला पैसे मोजून जागा घेतलीय, तिथे आम्ही काहीही ठेवू." पावत्या माझ्याकडेही होत्या. त्यांचा उलगडा पुढच्या वर्षी झाला. ३१ ऑगस्ट २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या दहिसरमधल्या पांचाली सोसायटीच्या खटल्यात निकाल दिला. न्यायमूर्ती लोढा आणि पटनाईक यांनी सांगितलं की १९६३ च्या मोफा कायद्यात 'फ्लॅट' या शब्दात गॅरेज येतं, पण स्टिल्टमधली उघडी जागा म्हणजे गॅरेज नव्हे. ती सामाईक जागा आहे आणि बिल्डरला ती वेगळी विकता येत नाही. पुढे २०१६ च्या रेरा कायद्यात तर गॅरेजची व्याख्याच आली : वर छप्पर आणि तीन बाजूंना भिंती. थोडक्यात, तीन गॅरेजवाल्यांची मालकी पक्की, आणि आम्हा स्टिल्टवाल्यांच्या पावत्यांना त्या जागेपुरता अर्थ उरला नाही. ज्यांना आम्ही नोटीस काढली, कागदोपत्री त्यांचंच पारडं जड निघालं!

२०११ च्या वार्षिक सर्वसाधारण सभेत चार गोष्टी ठरल्या. स्टिल्टच्या जागा दरवर्षी चिठ्ठ्या टाकून द्यायच्या आणि तिथे वाहनाशिवाय काही ठेवायचं नाही. ज्याचं गॅरेज आहे, त्याच्या घरची पहिली गाडी गॅरेजमध्येच आहे असं धरायचं, आत प्रत्यक्षात काहीही असो, म्हणजे आवारात दुसरी जागा मागता येणार नाही. फाटकापासून मागच्या विंगपर्यंत पिवळी रेघ मारून तो पट्टा कायम मोकळा ठेवायचा. आणि गॅरेजमध्ये बाहेरची धंद्याची कामं बंद. घरचं आणि सोसायटीचं काम सकाळी दहा ते एक, रविवारी ग्राइंडर नाही. ठराव एकमताने मंजूर झाला आणि त्याला अनुमोदन त्यांनीच दिलं.

मुलाची गाडी शेजारच्या बंगल्याच्या आवारात महिना सहाशे रुपये भाड्याने उभी राहू लागली. इतिवृत्तात एवढंच आहे. जे नाही, ते इथे लिहितो. बाहेरची कामं बंद झाल्यावर त्यांची महिन्याची मिळकत गेली, वर हे भाडं अंगावर आलं. आम्ही तेवीस जणांनी फक्त अडगळ हलवली. किंमत एका घराने मोजली, आणि त्या घराची बिजागरी आजही आपल्या फाटकाला आहे. नियम मला आजही बरोबर वाटतो. पण त्या सभेत आभाराचा एक ठराव व्हायला हवा होता, तो मांडायचं सचिव म्हणून मला सुचलं नाही. चौदा वर्षं उशिरा का होईना, ती नोंद या स्मरणिकेत होऊ दे.

२०१७ मध्ये नजर कमी झाल्यावर त्यांनी लेथ नऱ्ह्याच्या एका तरुणाला दिला. टेम्पोत चढवताना आम्ही बरेच जण खाली होतो. आता दोन नंबरच्या गॅरेजमध्ये गाडीच असते. आवारात मात्र चारचाकी एकोणतीस झाल्या आहेत आणि विजेच्या गाड्यांसाठी चार्जिंगचे तीन अर्ज समितीकडे पडून आहेत. जागा तेवढीच आहे. चार्जिंगचं ठरवताना कागद आधी पाहा, पण त्याआधी प्रत्येकाने आपल्या जागेत काय ठेवलंय ते एकदा खाली जाऊन पाहावं, एवढीच या म्हाताऱ्याची विनंती.

आणखी एक. पिवळी रेघ पार पुसट झाली आहे. ही स्मरणिका हातात पडेल त्याच्या पुढच्या रविवारी सकाळी आठ वाजता ती पुन्हा मारायची आहे. रंग मी आणून ठेवला आहे, दोरी धरून रेघ सरळ आखून द्यायचं गॅरेजवाल्यांनी कबूल केलं आहे. येताना आपापली गाडी बाहेर काढून या.